फुल सस्पेन्शन ई-एमटीबी: ब्लॅक फॉरेस्टात एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

माझ्याकडे ई-एमटीबी आहे, म्हणजे मोटर लावलेली माउंटन सायकल, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनवाली. जो भेटतो त्याचा पहिला प्रश्न एकच, मोटर किती न्यूटन मीटरची, म्हणजे जोर किती? माझं मत विचाराल तर हा प्रश्न यादीत सगळ्यात शेवटी टाका. आजच्या कुठल्याही चांगल्या मोटरवर तुम्ही वर पोचणारच, फार तर दोन मिनिटं उशिरा. गाडी घेताना खरं बघायचं ते खाली येताना ती काय करते आणि आपण तिच्यावर नसतो तेव्हा काय करते, म्हणजे जिन्यात, ट्रेनमध्ये, केलरमध्ये म्हणजे तळघरात.

मी जर्मनीत फ्रायबुर्गला राहतो, म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ जंगलाच्या अगदी पायथ्याशी. गाडी अल्युमिनियम फ्रेमची, पुढे १७० आणि मागे १६० मिलिमीटर ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबतं ते अंतर), पुढचं चाक २९ इंची मागचं २७.५, मोटर बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स, पाचवी पिढी, बॅटरी ६०० वॉट-तास, पेडल लावून वजन २४ किलोच्या आसपास. किंमत साडेसहा हजार युरो. पुण्यातल्या मामाला आकडा सांगितला तर म्हणाला, अरे एवढ्यात दोन बुलेट आल्या असत्या, आणि वर हिला पाय पण मारायचे? हो मामा, मारायचे. थ्रॉटल नाही, पाय थांबले की मोटर थांबते, आणि २५ च्या स्पीडला मदत बंद, हा युरोपचा नियम आहे, २५० वॉट नॉमिनल आणि २५ किलोमीटर, त्याच्या आत असेल तर कायद्याने ती साधी सायकल, ना लायसन्स ना नंबर प्लेट. सायकलच्या ब्रँडचं नाव मात्र मुद्दाम घेत नाहीये, कारण खाली थोडी कुरकुर आहे आणि त्यातली बरीचशी कुठल्याही ब्रँडला लागू पडेल.

माझी गाडी एन्ड्युरो प्रकारची. एन्ड्युरो म्हणजे काय हे माहीत नसलेल्यांसाठी एका ओळीत, चढ आपापल्या दमाने चढायचा, घड्याळ लागतं ते फक्त उताराला. म्हणून सायकल उताराच्या हिशेबाने बनते, लांब ट्रॅव्हल, पुढे झुकलेला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारं सस्पेन्शन (त्याचा जमिनीशी कोन, हेड अँगल, साधारण ६४ अंश), जाड टायर. पूर्वी अशी गाडी वर ढकलताना जीव जायचा, आता मोटर ते काम करते. बस, मोटरचं महत्त्व एवढंच.

तरी मोटरबद्दल लोक विचारणारच, तर सांगतो. सीएक्स आधी ८५ न्यूटन मीटर आणि ६०० वॉट पीकची होती, २०२५ मध्ये अपडेट आला आणि अ‍ॅपमधून १०० आणि ७५० पर्यंत वाढवता येऊ लागलं. मी लगेच वाढवून बघितलं, पहिल्या चढाला मजा आली, मग परत खाली आणून ठेवलं कारण ओल्या मुळांवर मागचं चाक जागेवर फिरायला लागतं आणि डिस्प्लेवरचे बॅटरीचे कांडे भराभर उतरतात. डीजेआयची अ‍ॅव्हिनॉक्स २०२४ मध्ये आली, १०५ न्यूटन मीटर, बूस्टमध्ये १२० आणि १००० वॉट, मोटर अडीच किलोची, कागदावर बहुतेकांना भारी आहे यात वाद नाही. दुसऱ्या टोकाला टीक्यूची एचपीआर ५० आहे, ५० न्यूटन मीटर, जवळजवळ आवाजच नाही, पण तिच्यावर मित्रांच्या फुल पॉवर गाड्यांबरोबर निघालात तर दिवसभर तुम्हीच मागे. मला आकड्यांपेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटल्या. एक, उतारावर मोटर खडखडते का. जुन्या चौथ्या पिढीच्या सीएक्सचा उतारावरचा खडखडाट सगळ्या जगाला माहीत आहे, पाचवीत बॉशने तो घालवला, आणि शांत उतारावर टायर घसरतोय का धरतोय हे कानाने कळतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं, कमी वेगात ती पायाला किती नाजूक उत्तर देते. ई-एमटीबी मोडमध्ये जोर पायाप्रमाणे कमीजास्त होतो, आणि दगडाच्या पायरीपुढे पेडल अडेल म्हणून पाय थांबवलात तरी क्षणभर पुढे रेटते, त्या एका क्षणात पायरी पार होते. चढावरचं हे कसब हाच एक वेगळा खेळ होऊन बसलाय माझ्यासाठी, खोटं नाही सांगत, कधीकधी उतारापेक्षा जास्त मजा येते.

आता बॅटरी, इथे मात्र नीट बसून विचार करा. सगळे ८०० घ्या म्हणतात. मी सरळ शाळेतलं गणित केलं. मी, गाडी, पाठीवरची पिशवी, हेल्मेट, पाणी असं सगळं धरून ११० किलो, ते १००० मीटर उंच न्यायचं तर नुसतं वजन उचलायलाच ३०० वॉट-तास लागतात. त्यातला चौथा हिस्सा माझे पाय देतात, पण मोटरमध्ये आणि टायरमध्ये थोडं वाया जातं, म्हणजे गोळाबेरीज १००० मीटरला बॅटरीतून ३०० च्या आसपास. ६०० मध्ये २००० मीटर चढ. इथला डोंगर रॉसकॉफ ७३७ मीटरवर आहे, शहर २८० वर, म्हणजे एक फेरी साडेचारशे मीटरची आणि बॅटरी गेली १५० च्या आत. अशा चार फेऱ्या मारून झाल्यावर माझ्या मनगटांत ब्रेक ओढायचं बळ उरत नाही, बॅटरी मात्र शिल्लक असते. हे गणित वापरात जवळपास खरं ठरलं, टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जोरदार मोडवर, सतत राहिलात तर नाही, आणि थंडीत नाही. जानेवारीत शून्याच्या खाली कांडे पटकन पडतात, म्हणून बॅटरी रात्री घरात ठेवायची आणि निघताना बसवायची. ८०० वाली ३.९ किलो, ६०० वाली ३ किलो, एक किलोचा फरक, ऐकायला काही नाही पण तो वळणावर जाणवतो. लांब टूर असेल तर २५० चा एक्स्ट्रा पॅक फ्रेमला लावायची सोय आहे, मी तो मित्राकडून मागून नेतो. ज्यांचं वजन ९५-१०० किलो आहे किंवा ज्यांना आल्प्समध्ये दिवसाला तीन हजार मीटर चढायचंय त्यांनी ८०० च घ्यावी, तिथे माझा सल्ला चालणार नाही.

साइजबद्दल इथले रिव्ह्यू वाचून आपण फसू शकतो, कारण लिहिणारा बहुतेक सहा फुटी जर्मन असतो. मी पाच फूट सहा इंच. अशा उंचीला गाडी निवडताना आधी सीट ट्यूबची, म्हणजे फ्रेमच्या सीटखालच्या नळीची लांबी बघा, ती छोटी असेल तरच लांब ड्रॉपर पोस्ट (बटणाने खाली-वर होणारा सीटचा दांडा) बसतो आणि उतारावर सीट पूर्ण खाली जाते. सीट खाली गेली नाही तर तीव्र उतारावर ती पोटात रुतते आणि मागे सरकता येत नाही. मागचं चाक छोटं म्हणजे ज्याला मलेट म्हणतात ते मी याच कारणासाठी घेतलं, पाय छोटे असले की २९ इंची मागचं चाक बुडाला घासतं, हसू नका, खूप दुखतं. क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, १६० मिलिमीटरचे घ्या, लांब क्रँक चढावर दगडांना आपटतात, आणि मोटर असल्यामुळे छोट्या क्रँकचा तोटा काही जाणवत नाही. चार्टप्रमाणे मी स्मॉल आणि मीडियमच्या मधे येतो, दोन्हीवर बसून बघितल्यावर मीडियम घेतली. पण नुसतं पार्किंगमध्ये बसून काही कळत नाही, अर्धा दिवस भाड्याने घेऊन एखादा खरा उतार उतरा, इथे बऱ्याच दुकानांत डेमो गाडी मिळते, पैसे देऊन का होईना.

ब्रेक आणि टायर. पैसे वाचवायचे तर कुठेही वाचवा, इथे नको. २४ किलोची गाडी वर आपलं वजन, आणि मोटरमुळे एका दिवसात साध्या सायकलच्या दुप्पट उतार होतात, म्हणजे पॅडवरचा ताण पण दुप्पट. पुढे २२० मिलिमीटरचा रोटर म्हणजे ब्रेकची डिस्क, मागे निदान २००, चार पिस्टनचे ब्रेक. माझ्या गाडीला कंपनीने लावलेले पॅड ऑरगॅनिक होते, पावसाळी चिखलात बघता बघता संपले, आता मेटल पॅड लावतो, ते ओल्यात किंचाळतात आणि चालणारे लोक वळून बघतात, पण टिकतात. टायरचंही तेच. स्वस्त पडावं आणि वजन कमी दिसावं म्हणून बऱ्याच गाड्यांवर पातळ साइडवॉलचे, म्हणजे पातळ बाजूंचे टायर येतात. ते काढून पुढे मॅक्सिस असेगाय आणि मागे मिनियन डीएचआर टू, दोन्ही डबलडाउन म्हणजे जाड साइडवॉलचे, ट्यूबलेस करून सीलंट भरून लावले, पुढे दीड बार, मागे पावणेदोन. फिनाले लिगुरेला गेलो होतो, इटलीतलं समुद्राकाठचं गाव, एन्ड्युरोची मोठी मोठी शर्यत तिथे झालेली, तिथला चुनखडी दगड विळीसारखा धारदार आहे, पातळ टायरवाले दोघं रस्त्याच्या कडेला बसले होते आणि आम्ही समुद्रात डुंबत होतो.

सस्पेन्शन नीट लावायला एक शॉक पंप आणि एक रविवार पुरतो. पूर्ण कपडे, पिशवी घालून बसा, सॅग, म्हणजे नुसत्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते, मागे ३० टक्के, पुढे थोडा कमी, मग रीबाउंड, म्हणजे दबलेलं परत वर यायचा वेग, एकेक क्लिक. ई-बाइकचं वजन खाली मध्यावर असल्यामुळे ती जमिनीला चिकटून चालते, खडबडीत उतारावर हा मोठा फायदा, मात्र तीच गाडी छोट्या उडीवर उचलायची तर कंबरेची वाट. फोर्कच्या मॅन्युअलमध्ये दर ५० तासांनी फोर्कच्या खालच्या नळ्यांची सर्व्हिस लिहिली आहे, आणि ई-बाइकवर ५० तास फार पटकन होतात. तेल आणि सील घरी बदलायला शिका, नाहीतर प्रत्येक वेळी दुकानात शंभर-दीडशे युरो. चेन किती झिजली ते मोजणारा चेकर ठेवा, ०.५ दाखवला की चेन बदला, कॅसेट म्हणजे मागचे गिअर वाचतात. आणि गिअर टाकताना पाय हलका करा, मोटरच्या जोरात टाकलात तर जो कडकन आवाज येतो तो पाकिटाचा असतो.

आता कुरकुर. माझी गाडी ऑनलाइन थेट कंपनीकडून घेतलेली, दुकानापेक्षा स्वस्त पडली. उन्हाळ्यात मागच्या लिंकेजमधून, म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांतून, करकर सुरू झाली, बेअरिंग गेले होते. कंपनी म्हणाली व्हिडिओ पाठवा, मग फोटो पाठवा, मग पार्ट संपलाय, असं करत ऐन सीझनचे कित्येक आठवडे गेले, आणि गावातल्या एका दुकानात नेली तर ते म्हणाले आमच्याकडून घेतलेली नाही, हात लावणार नाही. शेवटी बेअरिंग मीच मागवले आणि मित्राच्या गॅरेजमध्ये बसवले. बेअरिंगचं चालून जातं, पण मोटरला काही झालं तर तिची तपासणी डीलरच्याच सॉफ्टवेअरवर होते, म्हणून ऑनलाइन घ्या पण आधी जवळचं कुठलं दुकान त्या मोटरचं काम घेतं हे फोन करून विचारा. ज्यांना स्क्रू ड्रायव्हर हातात धरायचा नाही त्यांनी दुकानातूनच घ्यावी, चार-पाचशे युरो जास्त गेले तरी. नोकरी असेल तर ऑफिसकडून लीजिंगचं विचारा, हप्ता ग्रॉस पगारातून, म्हणजे टॅक्सच्या आधीच, कापतात, ३६ महिने, टॅक्स वाचतो. पेन्शनचं कॉन्ट्रिब्युशन किंचित कमी होतं हे सहसा कुणी सांगत नाही.

घरातलं पण बघा. आमचं केलर खाली, चौदा पायऱ्या, वळण असलेला जिना, प्लग नाही. बॅटरी काढता येणारी नसती तर चार्जिंग कुठे केलं असतं? काही गाड्यांची बॅटरी फ्रेममध्ये कायमची बसवलेली असते, तेवढीच फ्रेम हलकी आणि ताठ, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला त्याचा काय उपयोग. ही जिन्यातून वर आणताना वॉक मोड लावतो, त्यात मोटर गाडी हळूहळू पुढे नेते, चाकं पायऱ्या चढतात, मी फक्त धरतो. रीजनल ट्रेनमध्ये चढवताना मात्र ते नाटक जमत नाही, उचलावीच लागते.

जागेचंही सांगून ठेवतो. आमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये, जंगलात दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकलला बंदी आहे, ई असो वा साधी. एन्ड्युरोची मजा नेमकी अरुंद वाटेवर. सुदैवाने फ्रायबुर्गला क्लबने परवानग्या काढून बांधलेल्या ट्रेल आहेत, रॉसकॉफवरून उतरणारी बॉर्डरलाइन त्यातली, सभासद होऊन वर्षातून एखाद्या शनिवारी फावडं घेऊन गेलात तर ओळखीपण होतात. ज्या गावात अशी ट्रेल जवळ नाही आणि गाडी नुसती जंगलातल्या रुंद रस्त्यावर चालणार, त्यांनी १७० मिलिमीटरच्या नादी लागूच नये, १४० वाली हलकी गाडी घ्या, सपाटीवर २५ च्या वर हे धूड पायाने ओढताना शिव्या येतात.

आणि पुण्याचा चुलतभाऊ म्हणत होता, येताना घेऊन ये, सिंहगडाला मजा येईल. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी चालत नाही, ना केबिनमध्ये ना सामानात, ही ६०० ची. बॅटरीशिवाय २१ किलोचं ओझं आणून काय करू, त्यापेक्षा तिथे साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शनवाली सायकल, भाड्याने घेऊ आणि घाम गाळू.