'डार्क स्किन' हीट-सेट रंगांचा सेट: बरेच महिने वापरल्यावर सांगतेय

मी रीबॉर्न बाहुल्या रंगवते, म्हणजे हुबेहूब खऱ्या तान्ह्या बाळासारख्या दिसणाऱ्या व्हिनाइलच्या बाहुल्या. त्यांना आम्ही बाळच म्हणतो. एका बाळाचं डावं पाऊल तेवढं राहिलं होतं आणि बर्न्ट अंबरची, म्हणजे गडद तपकिरी रंगाची, डबी संपली. झाकणाच्या आट्यांत अडकलेलं सुद्धा ब्रशने काढलं, तरी पुरलं नाही. आणि त्याच सेटमधली पांढऱ्याची डबी काठोकाठ भरलेली. म्हणून आज लिहायला बसले. हा सेट 'डार्क स्किन'साठी म्हणून विकतात, कुरिअर धरून मी पाच हजाराच्या वर मोजलेत, आणि त्यात तपकिरी आणि पांढरा एकाच मापाच्या डबीत! सावळं बाळ रंगवायला पांढरा लागतो किती? नखांच्या कडेला आणि नवजात बाळाच्या नाकावर ते बारीक पांढरे ठिपके असतात ना, तेवढ्याला. आणि अंबर लागतो अख्ख्या अंगाला, हाताला, पायाला, चेहऱ्याला, तोही एकावर एक हात देत. हे रंग बनवणाऱ्याला कळत नसेल असं मी मानायला तयार नाही.

विकणाऱ्याला मेसेज केला. 'मॅडम, सेट फिक्स असतो.' बरं, मग सुटी डबी द्या म्हटलं, तर सुटी मिळते पण कुरिअर वेगळं, आणि ते जवळजवळ डबीच्या किमतीएवढंच. दोन डब्या घेतल्या तर कुरिअर तेवढंच पडेल का विचारलं, त्याला उत्तरच नाही. आठवड्याने परत विचारलं तर सेटवर डिस्काउंट चालू आहे असा फोटो पाठवला. म्हणजे एका तपकिरी डबीसाठी मी परत एक गुलाबी, एक पीच आणि एक पांढरा विकत घ्यायचा. गोरं बाळ करणाऱ्याला हा ताप नाही, किटमध्ये कोरे हात-पाय-डोकं येतात त्यांचं व्हिनाइलच बहुतेक पीच रंगाचं असतं. सावळं बाळ करणाऱ्यानेच दरवेळी जास्त पैसे भरायचे, हे मला पटत नाही.

आता रंगाबद्दल. रंग चांगला आहे, त्यात वाद नाही. साधारण 130 डिग्रीला ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं भाजल्याशिवाय तो वाळत नाही, त्यामुळे घाई नाही, आवडलं नाही तर थिनरने पुसून काढा. वळवाच्या पावसात आमच्याकडे सांगलीत विश्रामबागला ऐन भाजताना लाईट गेली, तरी काही बिघडलं नाही, लाईट आल्यावर परत लावलं. फक्त ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा, कारण जास्त तापलं की व्हिनाइल चमकायला लागतं, मऊ पडून आकारही बिघडतो. आणि ज्यात खायचं करता त्या ओव्हनमध्ये हे अजिबात नको. खिडकी उघडी ठेवा, पण पंखा बंद, नाहीतर धुळीचे कण ओल्या रंगावर बसतात आणि गडद रंगावर एक-एक कण दिसतो.

सेटमध्ये 'डार्क बेस' म्हणून एक तयार तपकिरी डबी येते, तिच्यावर सुरुवातीला माझा फार राग होता. ती सरळ लावली की बाळ राखाडी दिसतं, जीव नसल्यासारखं. कारण सावळी कातडी म्हणजे एकच तपकिरी रंग नव्हे. मेलॅनिन कातडीच्या वरच्या थरात असतं, रक्त त्याच्या खाली, त्यामुळे सावळ्या बाळाच्या अंगातूनही लाली आणि निळसरपणा जाणवतोच. म्हणून आधी लाल आणि निळ्याचे ठिपके स्पंजने टिपून घ्यायचे, शिरा काढायच्या, भाजायचं, मग वरून यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि तपकिरीचे अगदी पातळ हात. मिरजेत तंबोऱ्याच्या भोपळ्याला पॉलिशचे हात देतात तसे, एकात काहीच दिसत नाही, बऱ्याच हातांनंतर खोली येते. असं केल्यावर तीच तयार डबी, भरपूर पातळ करून, शेवटच्या एक-दोन हातांना छान चालते. म्हणजे डबी वाईट नाही, डबीवर लिहिलेली सूचना वाईट आहे. गडद करायला काळा आणि उजळ करायला पांढरा मिसळा म्हणे! काळ्याने चिखल होतो आणि पांढऱ्याने खडू. उजळ हवं तर ऑकर घ्या.

आमच्या सासूबाईंनी पहिलं बाळ बघितल्या बघितल्या सांगितलं, "कानाच्या पाळ्या बघ की गं आधी. आमच्यात बाळंतिणीच्या खोलीत पहिल्यांदा तेच बघायचे." अगदी बरोबर. सावळ्या घरातलं बाळ जन्मताना बरंच उजळ असतं, रंग नंतर येतो, पण कानाच्या कडा आणि नखांच्या मुळाशी तो आधीच दिसतो. नवजात बाळ करायचं तर अंग उजळ ठेवून या दोन जागा गडद करा, बाळ लगेच खरं वाटायला लागतं. कमरेखालचा निळसर डागही विसरू नका, आपल्याकडच्या कितीतरी बाळांना असतो आणि मोठं होता होता जातो. तो मात्र सगळ्यात आधी काढायचा, तपकिरीच्या खाली. त्यातलं मेलॅनिन कातडीत खोलवर असतं म्हणूनच तो निळा दिसतो. वरून काढला तर मार लागल्यासारखा दिसतो.

पण सगळी परीक्षा तळपायाची. मिरजेच्या एक रिटायर्ड नर्सबाई माझ्याकडून बाळ घेणार होत्या, त्यांनी पाऊल हातात घेऊन उलटं केलं आणि म्हणाल्या, "ताई, तळवा कुठं संपला ते दिसता कामा नये." तळवा उजळ, गुलाबीसर तपकिरी, आणि वरचं पाऊल गडद, पण मध्ये रेघ नको. टाचेच्या कडेने रंग हळूहळू चढतो, बोटांच्या मधल्या फटीत परत गडद होतो, तळव्यावरच्या घड्यांत बारीक तपकिरी रेषा असतात. बोटांची पेरं, गुडघे, कोपर आजूबाजूपेक्षा जरा गडद. ओठांची कड गडद आणि आतली बाजू गुलाबी. एका पायाला सगळी संध्याकाळ जाते. मारुती रोडवर मेकअपचे तिकोनी स्पंज मिळतात ते घ्या, सेटमधला स्पंज भरड आहे.

तर ते डावं पाऊल. अंबर नाही, बाईंना बाळ द्यायचं ठरलेलं, म्हणून बर्न्ट सिएनात (लालसर तपकिरी) अल्ट्रामरीन निळा मिसळून बघितला, जो मी फक्त शिरांपुरता वापरत होते. काय सुंदर रंग आला! सिएनाची ऊब तशीच राहिली आणि निळ्याने खोली आली. अंबर त्यापुढे कोरडा वाटला. निळा कमी-जास्त केला की गव्हाळपासून अगदी काळ्यासावळ्यापर्यंत सगळं निघतं. मग दोन्ही पायांना, हातांना, चेहऱ्याला त्याच मिश्रणाचा एक पातळ हात दिला आणि सगळं एकजीव झालं. नर्सबाईंनी परत पाऊल उलटं करून बघितलं आणि काही न बोलता बाळ खांद्यावर घेतलं, मान धरून, जसं खऱ्याला घेतात तसं. माझ्या दृष्टीने याच्या वर कुठला रिव्ह्यू नाही.

म्हणून रंगाबद्दलचं मत बदललं, डबीच्या मापाबद्दलचं नाही. सिएनाची डबीही तेवढीच आहे, तीही आता तळाला गेलीय.

एक तक्रार अजून. मॅट वार्निश. उजळ बाळावर ठीक, पण सावळ्यावर जाड लागलं तर वर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते, घड्यांमध्ये तर जास्तच. अगदी थोडं घेऊन कोरड्या स्पंजने थोपटत लावा आणि कानामागे आधी ट्राय करा. न लावून चालत नाही, गडद रंगावर व्हिनाइलची चमक लगेच डोळ्यात भरते.

केस आणि वजन भरणं यावर लिहीत नाही, त्याचा या सेटशी संबंध नाही.

नवीन शिकणाऱ्यांनी सेट घेऊच नका. सुट्या घ्या: बर्न्ट सिएना दोन, अल्ट्रामरीन एक, यलो ऑकर एक, एक लाल, आणि थिनर. सेटपेक्षा स्वस्त पडतं आणि बरीच बाळं होतात. सांगली, मिरज, इस्लामपूर, कराडकडचं कुणी करत असेल तर एकत्र मागवू, कुरिअर वाटून घेऊ. मी पुढच्या महिन्यात ऑर्डर टाकणार आहे.