अँटीफाउलिंगच्या डब्यात ऑइलपेंट: बोट वर काढणाऱ्यांनो, सावध राहा

एकूण 87,000 रुपये गेले. बोट ओढून वर घ्यायचे आणि परत पाण्यात सोडायचे 22,000, मजुरी 28,000 आणि अँटीफाउलिंगच्या, म्हणजे तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायच्या रंगाच्या, 20 लिटरच्या दोन डब्यांचे 37,000. डबे नामांकित कंपनीचे, सील शाबूत, आत मात्र साधा लाल ऑइलपेंट.

पावसाळी मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै. सगळ्यांनाच तेव्हा बोट वर हवी असते, त्यामुळे यार्डवाला म्हणेल तो माल आणि म्हणेल तो भाव.

पोरगं डबा एका हातात घेऊन परांचीवर चढलं, तिथेच ओळखायला हवं होतं. खऱ्या मालात तांब्याचा ऑक्साइड ठासून भरलेला असतो, 20 लिटरचा डबा 30 किलोच्या वर भरतो. तो असा उचलला जात नाही. काठी घातली तर तळाशी जड गाळ लागला पाहिजे, इथे काठी पाण्यासारखी फिरली. पण सील आहे, छापील लेबल आहे, पावती आहे, मग डब्याचं वजन करायचं कोणाला सुचणार? वाळल्यावर तळ चकाकला, तर म्हणे ‘नवीन माल आहे.’ खोटं! अँटीफाउलिंग मंद दिसतं, ओल्या अंगठ्याने घासलं की बहुतेक प्रकारांचा रंग बोटाला येतो.

मापातही मारलं. पाण्याखालची लांबी 12 मीटर, रुंदी 4, बुडी (बोट पाण्यात बुडते ती खोली) 1.5. रुंदी आणि बुडी मिळवून लांबीने गुणलं की साधारण 66 चौरस मीटर. लिटरला 8 चौरस मीटर धरून दोन हातांना साडेसोळा लिटर. एक डबा पुरतो, बिल दोनचं!

दिवाळीपर्यंत तळाला शिंपल्यांचा थर, वेग पडला, डिझेल वाढलं. पंखा आणि शाफ्ट गंजू नयेत म्हणून बसवतात त्या झिंकच्या वड्यांवरही रंग फासलेला, म्हणजे दोन्ही उघडेच. झिंकला रंग लावू देऊ नका, कधीच. लाकडात किडा शिरला की बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं, आत फळी पोखरलेली असते.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. बनावट माल सीलबंद डब्यात घालून विकणं दिवाणी कसं? मत्स्य खात्याच्या कार्यालयात म्हणाले, आम्ही फक्त परवाना बघतो. ग्राहक आयोगात कारकुनाने ‘व्यावसायिक वापर’ म्हणून कागद परत सरकवले, वाचलेसुद्धा नाहीत. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरायला विकत घेऊन स्वतः वापरलेला माल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक धरत नाहीत, हे आपण त्यांना सांगायचं! ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) चा उल्लेख करून.

रिकामे डबे यार्डात सोडू नका, तेच परत भरले जातात. झाकणाला भोक पाडून घरी आणा. अर्धा लिटर रंग बाटलीत, तारीख घालून, बाजूला ठेवा.