कोल्हापुरात घर बघताय? आधी ओल मोजायचं मीटर घ्या

जुन्या मोबाइलएवढं पिवळं यंत्र, डोक्यावर दोन अणकुचीदार पिना आणि खाली आकडा दाखवणारी काच. पिना भिंतीत हलक्या हाताने दाबायच्या, की आत ओल किती आहे ते टक्क्यांत दिसतं. ओल्या प्लास्टरमधून वीज सहज जाते, कोरड्यातून जात नाही, एवढ्यावरच ते चालतं. मी ऑनलाइन मागवलं, हजार रुपयांच्या थोडं वर पडलं. असली मीटरं बऱ्याच नावांनी मिळतात. घेताना सिमेंट-प्लास्टरसाठी वेगळी पट्टी आहे का, एवढं मात्र नक्की बघा. माझ्या मीटरवर मोजणीच्या दोन पट्ट्या आहेत: लाकडासाठी ६ ते ४२ टक्के आणि बांधकामासाठी ०.२ ते २ टक्के. नुसती लाकडाची पट्टी असलेलं सुताराच्या उपयोगाचं, आपल्या नाही.

सहकारी बँकेच्या गृहकर्ज विभागात माझी नोकरी झाली. तिथे फाइलमध्ये सगळं असायचं: मंजूर नकाशा, सर्च रिपोर्ट (मालकी तपासल्याचा वकिलाचा अहवाल), प्रॉपर्टी कार्ड, व्हॅल्युएशन. भिंत ओली आहे की कोरडी, याचा कागद कधीच नसायचा. व्हॅल्युअर किंमत काढतो, रस्ता किती फुटी ते बघतो, बांधकाम नकाशाप्रमाणे आहे का ते बघतो. कपाटामागची भिंत बघणं त्याच्या कामात येत नाही, आणि बँकही ते मागत नाही. वीस वर्षं हप्ते भरणाऱ्या माणसाला मात्र तीच भिंत रोज बघायची असते.

मीटर घेतलं ते भाचीसाठी. ती वकील आहे. १७ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं, म्हणजे मुंबईबाहेर बसणाऱ्या पीठाचं, उद्घाटन झालं आणि तिने मुंबईहून इकडे यायचं पक्कं केलं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली प्रकरणंही आता इथेच चालतात, त्यामुळे येणारी ती एकटी नाही. सध्याचं काम भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या इमारतीत आहे आणि कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कची जागा ठरली आहे. त्यामुळे ताराबाई पार्क, नागाळा पार्कापासून आर. के. नगरपर्यंत ज्याला विचारावं तो भाव सांगताना ‘आता बेंच आलंय’ हे जोडतोच. सांगितलेला भाव आणि कागदावर झालेला भाव यांत अंतर असतं. नोंदणी विभागाच्या साइटवर त्याच इमारतीतल्या आधीच्या व्यवहारांची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू), म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, बघा. मोबदल्याचा खरा आकडा तिथे मिळतो आणि बोलणी तिथूनच सुरू करावीत.

माझं ठाम मत आहे की कोल्हापुरात घर बघायचं ते पावसात. आपल्याकडे सगळे दसरा-दिवाळीला घरं बघतात, पाडव्याला नाहीतर अक्षय्य तृतीयेला व्यवहार करतात. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. पाऊस ओसरला की पुट्टी भरून, रंग काढून घर चकाचक केलं जातं आणि दसऱ्याला दारात तोरण लागलेलं असतं. तरणा आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांतला, पंधरा-पंधरा दिवस झोडपत असताना, जुलैच्या मध्यावर तेच घर बघितलंत, तर ते स्वतःच सगळं बोलतं. शिवाय आषाढात आणि पितृपक्षात इथे कुणी संचकार (विसार देऊन व्यवहार पक्का करणं) करत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक कमी असतं. मालक बसून बोलतो, चार गोष्टी ऐकून घेतो. व्यवहार मुहूर्तावर करायचा तर जरूर करा, पण भिंती त्याआधीच बघून ठेवा.

आम्हीही गणपतीच्या आधीच्या पावसात हिंडलो. पाचगावकडे एक दोन बेडरूमचा फ्लॅट भाचीला फार आवडला. उजेड भरपूर, स्वयंपाकघराला वेगळी बाल्कनी, इमारत बारा वर्षांची. आतून ताजा बदामी रंग होता. एवढ्या पावसात कुणी रंग काढतं का, हाच प्रश्न आधी मनात आला. मी दारामागच्या आतल्या भिंतीवर पिना लावल्या: ०.४. ही कोरडी भिंत, आता पुढचं सगळं हिच्याशी ताडून बघायचं. हॉल ठीक होता. पश्चिमेच्या बेडरूममध्ये खिडकीखाली १.१ आला. भिंतीला लागून मोठं लाकडी कपाट होतं. ते हातभर पुढे घ्यायला सांगितलं, तर एजंट म्हणाला, “कशाला ओ मॅडम, जड हाय ते. पावसाळ्यात भिंतीला जरा घाम येतोयच की.” भाचीने आणि मी मिळून ते ओढलं. मागे रंग फुगला होता, बोटाने दाबला तर पापुद्रा हातात आला, आणि मीटरवर १.७.

घाम म्हणजे बाहेरची दमट हवा गार भिंतीवर बसते, तो प्रकार. तसं असतं तर आकडा सगळ्या भिंतीवर साधारण सारखा आला असता. इथे तो खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका खाली उतरत होता. बाहेर जाऊन बघितलं, तर खिडकीच्या छज्जाला वरून उतार नव्हता आणि त्याच्या मुळाशी केसाएवढी भेग होती. पश्चिमेची झड तिथे थडकायची आणि पाणी आत शिरायचं.

एकाच आकड्यावर निकाल देऊ नका. मीटरचा आकडा तुलनेसाठी असतो. आधी घरातली नक्की कोरडी भिंत शोधायची, मग बाकीच्या भिंतींवर खालून वर आणि डावीकडून उजवीकडे आकडे घेत जायचं. खाली स्कर्टिंगजवळ जास्त आणि वर जाईल तसा कमी होत कमरेच्या उंचीला संपणारा आकडा म्हणजे ओल जमिनीतून चढते आहे. तळमजल्याच्या जुन्या घरांत, जोत्यावर ओल अडवणारा थर नसला की हे होतं, आणि याची दुरुस्ती सगळ्यांत किचकट. बेडरूमच्या भिंतीवर मधेच एक गोल डाग आणि पलीकडे बाथरूम असेल तर आतला पाइप किंवा टाइल्सचे सांधे बघा. छताजवळ जास्त असेल तर गच्ची. पश्चिमेची अख्खी भिंत चढी असेल तर बाहेरचं प्लास्टर. म्हणजे ओल आहे एवढं कळून भागत नाही, ती कुठून येते ते कळलं पाहिजे, कारण दुरुस्तीचा खर्च त्यावरच ठरतो. छज्जाची भेग काही हजारांत भागते, अख्ख्या गच्चीचा वीटकोबा, म्हणजे पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर, उखडून नवा करायचा तर सोसायटीची मीटिंग आणि वर्गणी आली.

मीटर फसतं कुठे, तेही सांगते. भिंतीला लोणा लागला असेल, म्हणजे पांढरी पूड वर आली असेल, तर त्या क्षारांमुळे आकडा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. पिनांमागे वायर किंवा लोखंडी जाळी आली तरी तसंच. टाइल्स, ग्रॅनाइट, वॉलपेपर यांच्या मागचं त्याला कळत नाही. बॅटरी उतरली की आकडे वाटेल तसे उड्या मारतात, म्हणून एक बॅटरी जवळ ठेवा. आणि पिनांची दोन बारीक भोकं रंगावर राहतात, तेव्हा मालकाला विचारूनच टोचा. माझा अनुभव असा, की सरळ विचारलं तर बहुतेक लोक हो म्हणतात. नाही म्हणणाऱ्याच्या घरात जास्त वेळ थांबून बघावं.

पुराचं मात्र हे यंत्र काही सांगत नाही, आणि कोल्हापुरात तो प्रश्न आधी विचारायला हवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कचा काही भाग पाण्यात होता. जागा पूररेषेच्या आत आहे का, ते महापालिकेच्या नगररचना विभागातून लेखी घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची धरतात. कागद येईपर्यंत पार्किंगमध्ये उभं राहून विजेची मीटरं किती उंचीवर लावलीत ते बघा. माणसाच्या डोक्याच्या वर नेऊन ठेवली असतील तर पाणी कुठवर आलं होतं ते कळतं. गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, तो हाताने उंची दाखवून सांगेल. पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर हा चढाचा भाग, तिथे पुराची भीती नाही, पण पिण्याच्या पाण्याची चौकशी करावी लागते. नळ किती दिवसांनी येतो, उन्हाळ्यात टँकर किती लागतो, हे एप्रिल-मेच्या सोसायटीच्या बिलांवरून कळतं. ती बिलं मागून घ्यायचीच.

त्या फ्लॅटचं पुढे काय झालं? भाचीने नाही म्हटलं नाही. मालक भला माणूस होता, त्यालाही कपाटामागचं माहीत नव्हतं. संचकारपत्रात आम्ही एक ओळ घालून घेतली: छज्जा आणि पश्चिमेची बाहेरची भिंत मालकाने दुरुस्त करून द्यायची, तपासून झाल्यावरच खरेदीपत्र. काम दिवाळीनंतर झालं. हिवाळ्यात कुठलीही भिंत कोरडीच दिसते, म्हणून नुसता आकडा घेऊन उपयोग नव्हता. बाहेरून नळी लावून दोन तास त्या छज्जावर पाणी मारलं आणि दुसऱ्या दिवशी आतून मोजलं. ०.५. मग खरेदी झाली. खरेदी भाचीच्या एकटीच्या नावावर केली, कारण महाराष्ट्रात घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पन्नास लाखांच्या घराला ती पन्नास हजार होते. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ही सवलत जाते, हे कर्जाची फाइल करण्याआधी घरात बोलून घ्या. आणि कर्ज आधीच चालू असेल तर बँकेत एक चक्कर टाका: २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला, तेवढी घट तुमच्या कर्जाच्या व्याजात उतरली का ते विचारा.

स्वतःच्या घरासाठी मी हे मीटर मार्चमध्ये बाहेर काढते. वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचा रंग फेब्रुवारी ते मे याच काळात करावा, भिंत आतून वाळलेली असताना. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावला तरी पुढच्या श्रावणात पोपडे धरतो. रंगारी ‘वाळलंय की’ म्हणाला तरी मोजून घ्या, आकडा कोरड्या भिंतीच्या जवळ आला नसेल तर आठवडाभर थांबा. गच्चीवर पाण्याच्या पाइपांच्या तोंडाशी पालापाचोळा साठलेला असतो, तो काढून जाळ्या बसवा. पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर चार बोटं पाणी दिवसभर कोंडून ठेवा आणि खालच्या छताला मीटर लावून बघा. वळीव झाला की पुन्हा एकदा बघा. जोराचा वळीव वाऱ्यासकट येतो, बाहेरच्या भिंतीची त्यात चांगली परीक्षा होते आणि मिरगापर्यंत दुरुस्तीला वेळही राहतो.

नव्या इमारतीत राहायला गेलेल्यांना तर हे अधिकच उपयोगी आहे. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. फोनवर “साहेब, ओल येते” म्हणून हे होत नाही. भिंतीवर मीटर धरून आकड्यासकट फोटो काढा, तारीख घाला, दर पावसाळ्यात त्याच जागेचा पुन्हा काढा आणि लेखी कळवा. तीन पावसाळ्यांचे असे फोटो असले की ‘पावसाळ्यात होतंच असतं’ हे उत्तर चालत नाही.

उणी बाजू थोडी आहे. सोबतची माहिती फक्त इंग्रजीत, तीही मुंगीएवढ्या अक्षरांत. पिनांवरचं टोपण सैल बसतं, पर्समध्ये निघालं तर हाताला टोचेल, म्हणून मी चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवते. अंधाऱ्या खोलीत काच नीट दिसत नाही, टॉर्च लागतो. पिना न टोचता वरून मोजणारी मीटरंही मिळतात, रंग खराब होत नाही, पण त्यांची किंमत बरीच जास्त आहे आणि घर विकत घेणाऱ्या माणसाला दोन पिनांचं पुरतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या टोपणाचा कापला. इमारतीत चार जणांनी मिळून एक घेतलं तरी चालेल. आमच्या सोसायटीत माझंच सध्या घरोघर फिरतंय.