२८ लिटरचा ओटीजी, नागपूरची थंडी आणि १८० चा खोटा आकडा

ओटीजीच्या (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन) तापमानाबद्दलची दुसरी तक्रार 'निकाली' निघाल्याचा मेसेज आला, म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. माणूस घरी आलेला नाही, यंत्र उघडलेलं नाही, तरी तक्रार बंद! त्यांची पद्धत अशी, की आदल्या दिवशी फोन करून "नोंदणीसाठी" ओटीपी मागायचा. तो दिला की त्यांच्याकडे काम झाल्याची नोंद होते. ओटीपी काम संपल्यावर द्यायचा असतो, फोनवर नाही. कंपनी कुठलीही असो, एवढं लक्षात ठेवा.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बाजारातले २८-३० लिटरचे, १५०० वॉटचे ओटीजी आतून बरेचसे एकाच घडणीचे असतात. वर दोन तापणारे रॉड, खाली दोन, तीन नॉब, काचेचं दार. रोटिसरीची (पदार्थ फिरवत भाजायची) सळई बहुतेकांसोबत येते आणि सगळ्यांच्या घरी खोक्यातच राहते. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखा आहे तो तापमानाचा नॉब. तो १८० वर ठेवला की आत २१५ भरत होतं. जाळीवर टांगायचा थर्मामीटर तीन-चारशेला मिळतो, त्यावर हे कळलं. नऊ हजारांच्या यंत्रावर नजर ठेवायला चारशेचा साक्षीदार विकत घ्यावा लागतो, हे मला अजून पचलेलं नाही. थर्मामीटर घ्यायचा नसेल तर साखरेने तपासा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत दोन चमचे कोरडी साखर घ्या, ओव्हन १७५ वर पूर्ण तापवून ती मधल्या जाळीवर पंधरा मिनिटं ठेवा. ती दाणेदार राहायला हवी. मग १९० वर तेवढाच वेळ ठेवा, आता कडेने पाणी सुटायला हवं. १७५ वरच वितळली तर ओव्हन जास्त तापतोय, १९० वरही ढिम्म राहिली तर कमी.

पस्तीस अंशांचा फरक केकमध्ये लगेच दिसतो. कडा आधी घट्ट होतात, मधलं पीठ कच्चंच असतं आणि नंतर जागा मिळेल तिथून वर येतं. म्हणून मधे डोंगर, त्यावर चीर, आणि सुरी घातली की खाली ओलसर पट्टा. लोक बेकिंग पावडर कमी करत बसतात. दोष पावडरीचा नसतो, आचेचा असतो. नानकटाईचं तर बूड करपतं आणि आतून बेसन कच्चं लागतं.

पहिल्या तक्रारीला तंत्रज्ञ आला तो इन्फ्रारेड गन (लांबून तापमान मोजणारं यंत्र) घेऊन. चकचकीत अॅल्युमिनियमच्या ट्रेवर लाल ठिपका पाडला, आकडा १६० च्या आसपास आला. "ओटीजीत असंच राह्यते जी, उलट कमीच दाखवते तुमचा," म्हणाला. त्या वेळी जाळीवरचा थर्मामीटर २१० दाखवत होता. चकाकणाऱ्या धातूतून उष्णतेची किरणं फार कमी बाहेर पडतात, त्यामुळे ती गन अशा पृष्ठभागावर नेहमी कमी आकडा देते. तोच ट्रे उलटा करून काळवंडलेल्या बाजूवर ठिपका पाडला असता तर खरं कळलं असतं. काचेतून मोजण्यात तर अर्थच नाही, कारण ती काचेचंच तापमान सांगते. भेटीचे पैसे वॉरंटीत लागत नाहीत, एवढंच नशीब.

इथपर्यंतचा मजकूर रागाच्या भरात लिहिला होता आणि शेवटी 'घेऊ नका' असंही लिहून ठेवलं होतं. ते वाक्य आता काढलंय.

दुसऱ्यांदा वयाने मोठा माणूस आला. त्याने गन काढलीच नाही. दार उघडून उजव्या भिंतीवरच्या क्लिपकडे पाहिलं. थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमान राखणाऱ्या भागाचा, सेन्सर म्हणजे तांब्याच्या बारीक नळीच्या टोकाला असलेली पेन्सिलीपेक्षाही बारीक कांडी. तिच्यातलं द्रव तापून फुगतं आणि नॉबमागचा स्विच तोडतं. ही कांडी पूर्णपणे ओव्हनच्या पोकळीत, क्लिपमध्ये, भिंतीपासून थोडी सुटी असायला हवी. आमची क्लिप सैल होती. कांडी भोकातून मागे सरकून अर्धी नॉबच्या बाजूच्या थंड कप्प्यात गेली होती. तिला तिथली हवा गार लागायची, म्हणून ती स्विच उशिरा तोडायची. त्याने पकडीने कांडी हळूच आत ओढली, क्लिप दाबली, काम झालं. नळीला तीव्र बाक देऊ नका, म्हणाला. ती मोडली तर द्रव जातं आणि अख्खा थर्मोस्टॅटच बदलावा लागतो.

आता १८० ला सरासरी १८५ मिळतं. म्हणजे यंत्र बरं आहे, जोडणी ढिसाळ होती. नवा ओटीजी घरी आला की सगळ्यात आधी प्लग न लावता टॉर्च घेऊन ही कांडी बघा. माहितीपत्रकात तिचं नावही नसतं.

सरासरी म्हणायचं कारण, आकडा स्थिर राहत नाही. रॉड बंद झाल्यावरही तापमान थोडं चढतं, मग दहा-बारा अंश खाली उतरल्यावर रॉड पुन्हा लागतो. हा दोष नाही, अशा थर्मोस्टॅटचं काम असंच चालतं. म्हणून रॉड चालू असल्याचा दिवा पहिल्यांदा विझला की ओव्हन तापला असं समजू नका. हवा तापलेली असते, भिंती तापलेल्या नसतात. दुसऱ्यांदा विझू द्या, मगच भांडं आत ठेवा.

थंडीत याला वेळ लागतो, आणि तो बाहेरच्या गारव्यापेक्षा व्होल्टेजमुळे जास्त. सकाळी सात-आठच्या सुमारास इमारतीतले सगळे गीझर चालू असतात. व्होल्टेज २३० वरून २०५ वर आलं तर १५०० वॉटचा रॉड १२०० वॉटही देत नाही, कारण वॉट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. दुपारी दहा मिनिटांत होणारं काम तेव्हा पंधरावर जातं. केक दुपारीच करा. प्लगही पाहून घ्या. १५०० वॉटला साडेसहा अँपिअर लागतात, म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट हवा. कन्व्हर्टर लावून ६ अँपिअरच्या बोर्डावर चालवलं की आधी प्लग तापतो, मग बोर्ड पिवळा पडतो.

विजेचा हिशेब ऐकायला वाटतो तेवढा भयंकर नाही. प्रीहीटला साधारण पाव युनिट किंवा थोडं वर, पुढच्या चाळीस मिनिटांत रॉड निम्माच वेळ चालू असतो, त्याचं अर्धं युनिट. एक केक एका युनिटच्या आत निघतो. पण महावितरणच्या बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, आणि थंडीत गीझरने आधीच मजल मारलेली असते. म्हणून एकदा तापवलेला ओव्हन रिकामा जाऊ देऊ नका. केक निघाला की नॉब १५० वर आणून अर्धा किलो शेंगदाणे एका थरात पसरा. वीस-पंचवीस मिनिटं, मधे एकदा हलवून. संक्रांतीच्या लाडवांना असे शेंगदाणे कढईपेक्षा एकसारखे भाजून निघतात. तीळ मात्र कढईतच भाजा. ओव्हनमध्ये ते कधी करपले हे कळत नाही.

आता थंडीचं. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा ८-१० वर येतो, २०१८ च्या डिसेंबरात तर ३.५ वर गेला होता. अशा सकाळी स्वयंपाकघर १५-१६ अंशांवर असतं. लोणी दगड, अंडी गार, यीस्ट झोपलेलं. या ओव्हनचा सगळ्यात कामाचा भाग इथे सापडला आणि तो म्हणजे आतला दिवा! रॉड बंद ठेवून नुसता दिवा लावला, दार लावून घेतलं, की अर्ध्या-पाऊण तासात आत २८-३० अंश होतात आणि तिथेच टिकतात. पावाच्या पिठाला याहून चांगली जागा नाही. तुमच्या मॉडेलमध्ये दिवा वेगळा लागत नसेल तर खालच्या ट्रेमध्ये कढत पाण्याचं पातेलं ठेवा, तासाभराने पाणी बदला.

पावासाठी ३०० ग्रॅम मैदा, दीड छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, २० ग्रॅम साखर, एक छोटा चमचा मीठ, ३० ग्रॅम लोणी, आणि निम्मं दूध निम्मं पाणी असं १९० मिली. थंडीत हे दूधपाणी ३८-४० अंश हवं, म्हणजे करंगळीला कोमट. कढत ओतलं की यीस्ट मरतं, मग दिवाही काही करू शकत नाही. ओट्यावर अडीच-तीन तास घेणारं पीठ दिव्याखाली सव्वा तासात दुप्पट होतं. गोळे करून पुन्हा अर्धा-पाऊण तास. मात्र प्रीहीट करताना ट्रे बाहेर काढायला विसरू नका. १९० वर अठरा-वीस मिनिटं. दही लागत नसेल तर विरजणही रात्री तिथेच ठेवा.

लोणी मऊ करायलाही तोच दिवा. बारीक तुकडे करून स्टीलच्या भांड्यात वीस-पंचवीस मिनिटं. गॅसवर वितळवलेलं लोणी फेटून हवा धरत नाही, केक बसका होतो. अंडी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, नाहीतर गार अंडं पडताच मिश्रण फाटतं. फाटलंच तर चमचाभर मैदा घालून फेटा, जुळून येतं.

संत्र्याच्या केकचं वेगळं लिहायला हवं, कारण आपलंच फळ इथे त्रास देतं. नागपुरी संत्र्याचं साल सैल. किसणीखाली दबतं आणि खालचा पांढरा कडू भाग किसात उतरतो. म्हणून त्यातल्या त्यात घट्ट सालीचं फळ निवडा, आणि सोलायच्या आधी अख्खंच किसा, नारिंगी रंग जाईपर्यंतच. रस काढताना बिया चिरडू नका आणि रस काढून ठेवू नका. या संत्र्याचा रस आधी गोड लागतो, पण ठेवला किंवा तापवला की कडवट होत जातो. १५० ग्रॅम मैदा, १२० पिठीसाखर, १०० लोणी, दोन अंडी, ६० मिली ताजा रस, दोन संत्र्यांचा कीस, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूट सोडा. सात इंची भांडं, खालून दुसरी जाळी, खरे १७० अंश, ३५-४० मिनिटं. दाराला रबर नाही, पुढून उष्णता जाते, त्यामुळे मागची बाजू आधी तांबूस होते. पंचवीस मिनिटांनंतर भांडं फिरवा, त्याआधी दार उघडलं तर केक बसेल.

नानकटाईला मात्र थंडी मदत करते. घरचं रवाळ तूप थिजलेलंच असतं. ११० ग्रॅम तूप पांढरं होईस्तोवर फेटायचं, ९० ग्रॅम पिठीसाखर, १२० मैदा, ४० बेसन, २० रवा, पाव छोटा चमचा सोडा, वेलची. खरे १६० अंश, वीस मिनिटं. पातळ तुपाने ती पसरते, मे महिन्यात म्हणूनच जमत नाही. दिवाळीत डबे घेऊन बेकरीत रांग लावण्यापेक्षा हे बरं, फक्त एका वेळी बारा-चौदाच बसतात.

रोडगे (गोवऱ्यांवर भाजतात ते कणकेचे गोळे) करून पाहिले. १९० वर चाळीस मिनिटं, मधे एकदा उलटून. कवच खुसखुशीत होतं, गोवरीचा वास अर्थातच येत नाही. वांग्याचं भरीत यात करू नका. वांगं शिजतं, भाजत नाही. गॅसची जाळी बरी.

आणि स्वयंपाकघर उबदार व्हावं म्हणून भाजून झाल्यावर दार उघडं टाकू नका. वर येणारी वाफ आणि उष्णता सरळ नॉबच्या पट्टीवर जाते आणि टायमरचं प्लॅस्टिक वाकतं.

शेवटची कुरकुर दिव्याची. ज्या दिव्यामुळे यंत्र थंडीत रोज वापरलं जातं, तो वॉरंटीत नाही. काच, रबर, बल्ब वगळून, असं बारीक अक्षरात आहे. बर्डीत (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) सुट्या भागांच्या दुकानात ओव्हनचा १५ वॉटचा, ३०० अंश सोसणारा बल्ब मागून घ्या, तापमान काचेवर किंवा खोक्यावर छापलेलं असतं. फ्रिजचा बल्ब तसाच दिसतो, आटेही बसतात आणि दुकानदार तोच पुढे करतो, पण पहिल्याच केकला त्याची टोपी सुटते. एलईडी तर नकोच. तो आचेत टिकत नाही, आणि गरमही होत नाही, म्हणजे पिठाच्या कामाचा नाही.