आल्मेरेतलं रो-हाऊस : चारी ऋतू काढल्यावरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची सक्ती नको. घर चांगलं, वस्ती त्याहून चांगली, जमीन मात्र लबाड. पाचपैकी चार तारे. थंडी, वारा, उन्हाळा, पानगळ सगळं या घरात काढून झालंय, त्यामुळे हे मत नवलाई उतरल्यानंतरचं आहे.

घर नेदरलँड्समधल्या, ॲमस्टरडॅमजवळच्या आल्मेरे शहरात, बाउटेन भागातल्या रेगेनबोगबुर्ट वस्तीत आहे. नव्वदीच्या दशकातली रो-हाऊसं, रस्त्यांना रंगांची नावं, आणि डचांच्या मानाने भिंतीही बऱ्यापैकी भडक. दोन मजले, वर उतरत्या छपराचा माळा, मागे बाग, बागेच्या टोकाला लाकडी शेड. क्षेत्रफळ ११५ चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत साडेबाराशे चौरस फुटांच्या आसपास, आणि तेही खरंखुरं कार्पेट. इथे सुपर बिल्टअप नावाची भानगड नाही.

आल्मेरे म्हटलं की ॲमस्टरडॅमशेजारच्या ॲमस्टेलव्हेनमधली आपली मंडळी नाक मुरडतात. तिकडे आहे काय, असा सूर असतो. इतिहास नाही, हे खरंच. ही जमीन पाणी उपसून १९६८ साली कोरडी केली, पहिले रहिवासी आले १९७६ साली. कालव्याकाठची वाकडी घरं बघायची असतील तर गाडी पकडून ॲमस्टरडॅमला जा. पण शहर कोऱ्या कागदावर आखल्यामुळे बसचा रस्ता वेगळा, सायकलचा वेगळा, मोटारींचा वेगळा. मुलगी शाळेत सायकलने जाते तेव्हा तिच्या वाटेत मोटारींचा मोठा रस्ता एकदाही आडवा येत नाही. माझं ऑफिस ॲमस्टरडॅमच्या दक्षिण भागात आहे, दारापासून खुर्चीपर्यंत तासाभराच्या आत पोचतो. शिवाय या पैशात ॲमस्टेलव्हेनला फ्लॅट मिळत होता, वर सोसायटीचा मासिक हप्ता. ॲमस्टरडॅममध्ये तर पुष्कळ ठिकाणी जमीन नगरपालिकेची, भाडेपट्ट्याने. आम्हाला पायाखालची मातीसुद्धा स्वतःची हवी होती. ती मातीच पुढे कशी नाचवते ते सांगतोच.

खरेदीची प्रक्रिया थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतात. घर २०२४ साली घेतलं. फुंडा या घरविक्रीच्या संकेतस्थळावर ४ लाख १५ हजार युरो लिहिलेलं, आमची बोली ४ लाख ३२ हजार. बोली बंद पाकिटातली असते, दुसऱ्याने किती लावली ते कळत नाही. व्यवहार संपल्यावर मात्र एजंटकडची बोलींची नोंदवही बघता येते, आणि ती बघून रात्री झोप लागत नाही ती वेगळीच. आकडा आम्ही मुद्दाम ४ लाख ३५ हजारांच्या आत बसवला होता. त्या वर्षी एनएचजी या कर्जहमीची मर्यादा तेवढी होती. हमीसाठी तेव्हा कर्जाच्या ०.६ टक्के एकदाच भरावे लागत, बदल्यात व्याजदर थोडा उतरतो आणि नोकरी गेल्यामुळे घर तोट्यात विकायची वेळ आली तर पाठीशी कुणीतरी असतं. परदेशात नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्याला ही गोष्ट लहान नाही.

व्याज दहा वर्षांसाठी साडेतीन टक्क्यांच्या आसपास बांधून मिळालं. पुण्यात भाऊ त्याच सुमारास साडेआठच्या वर, तेही फ्लोटिंग, भरत होता. त्याला हा आकडा सांगितल्यावर दोन दिवस त्याने फोन केला नाही. पण बँक घराच्या किमतीच्या शंभर टक्क्यांपर्यंतच देते, वरचा सगळा खर्च खिशातून: आपला एजंट, मूल्यांकन, कर्जसल्लागार, नोटरी, दुभाषी, हस्तांतर कर. दहा ते पंधरा हजार युरो बाजूला असल्याशिवाय घरं बघायलाही जाऊ नये. आपल्या बोलीपेक्षा मूल्यांकन कमी आलं तर तो फरकही आपणच भरायचा.

हस्तांतर कराची एक गंमत. स्वतः राहणाऱ्याला २ टक्के, पण पस्तिशीच्या आतल्या पहिलटकराला तो माफ, घराची किंमत मर्यादेत असेल तर (२०२४ मध्ये ती ५ लाख १० हजार होती). हिशोब माणशी होतो. मी पस्तिशी ओलांडलेली, बायको नाही. तिचा अर्धा वाटा माफ झाला, माझ्या अर्ध्यावर ४,३२० युरो लागले. घरातल्या कुठल्याही वादात हा आकडा अजून निघतो.

सही केल्यावर तीन दिवस विचार बदलायची मुभा असते, ती फक्त घेणाऱ्याला. त्याशिवाय कर्ज मंजूर झालं नाही तर बाहेर पडता येईल अशी अट करारात ठेवली होती, आणि घराची तांत्रिक तपासणीही. बाजार तापलेला असताना लोक या अटी काढून बोली लावतात, कारण विकणाऱ्याला ते आवडतं. आमच्या एजंटबाईंनी स्वच्छ सांगितलं, पाच हजार जास्त लावा पण अट काढू नका. त्यांची फी तिथेच वसूल झाली.

एका कागदाकडे आपल्या लोकांचं हमखास दुर्लक्ष होतं: घरात काय राहणार आणि काय जाणार याची यादी. ती शब्दशः वाचा. जमिनीवरचं लॅमिनेट, पडद्यांचे रॉड, दिवे, आरसे, टपालपेटी, शेडमधल्या फळ्या, प्रत्येक ओळीपुढे राहणार, जाणार की पैसे देऊन घेता येईल अशी खूण असते. इथे माणूस घर सोडताना जमीनही गुंडाळून नेऊ शकतो. आमच्याकडे दिवे जाणार होते, आणि खरोखर गेले. छतातून फक्त तारा लोंबत होत्या. पडदे राहिले. लॅमिनेट आम्ही ठरवून काढलं आणि नवं टाकायला माणूस नेमला. तो दोनदा तारीख देऊन आला नाही, तिसऱ्यांदा आला तेव्हा कडेच्या पट्ट्या आणायला विसरला. तोवर गाद्या माळ्यावर आणि आम्हीही माळ्यावर. सोफा अरुंद जिन्यातून वर जात नाही म्हणून खिडकीला शिडीसारखी लिफ्ट लावून चढवला, ते मात्र इथल्या लोकांना हातचं काम आहे.

आता जमीन. हे बहुतेक शहर समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर किंवा त्याहूनही खाली आहे. पंप रात्रंदिवस पाणी उपसतात म्हणून आपण कोरडे. त्याचं बिल वॉटर बोर्ड दरवर्षी पाठवतं: रहिवासी म्हणून वेगळं, घरमालक म्हणून वेगळं आणि सांडपाण्यासाठी वेगळं. एकटा माणूस असेल तर सांडपाण्याचं एक युनिट, घरात दोघे असोत की सहा, तीन युनिटं. भाड्याच्या घरात यातला मालकाचा भाग लागत नव्हता. हे पैसे द्यायला मला कधीच वाईट वाटत नाही. पंप बंद पडून चालणार नाही, हे माळ्यावरून कालव्याची पातळी बघितली की कळतं.

पण खरी गोष्ट बागेची आहे. घर काँक्रीटच्या खांबांवर उभं आहे, खांब चिकणमातीतून खालच्या वाळूच्या थरापर्यंत ठोकलेले. घर हलत नाही. बागेखाली खांब नाहीत. एकेकाळी पाण्याखाली असलेली ती चिकणमाती वाळत जाते तशी आकसते, आणि वरची फरशी, शेड, कुंपण सगळं सावकाश खाली जातं. घर बघायला आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर छान लाकडी पायरी होती, वर तुळशीएवढी कुंडी. ती पायरी शोभेची नव्हती. बाहेरची फरशी उंबऱ्यापासून वीतभर खाली गेली होती, म्हणून ठेवलेली. तपासणी करणाऱ्याने पायरी उचलून दाखवली. पायाच्या भिंतीचा खडबडीत भाग उघडा पडलेला, आणि तिथून घराखालच्या पोकळीत उंदीर आरामात जाईल एवढी फट. त्याने आणखी एक गोष्ट तपासली ती फार महत्त्वाची. घरातून बाहेर पडणारा सांडपाण्याचा पाइप. घर जागच्या जागी आणि जमीन खाली, म्हणजे जोडावर ताण येतो आणि तो तुटतो. आमचा जोड लवचिक निघाला. आल्मेरेत घर बघाल तेव्हा विकणाऱ्याला दोन प्रश्न विचाराच: बाग शेवटची कधी उचलली, आणि सांडपाण्याचा जोड कधी बदलला. चेहऱ्यावरून उत्तर कळतं.

बाग उचलून देणारे मिळतात, पण त्यांचा अंदाजपत्रकाचा आकडा बघून आम्ही वसंतात स्वतः उचलली. तीस बाय तीसच्या काँक्रीटच्या फरश्या एकेक करून काढायच्या, रचून ठेवायच्या, वाळू पसरायची, भाड्याने आणलेल्या कॉम्पॅक्टरने ठोकायची, लांब पट्टीने सपाट करायची, पुन्हा फरश्या. उतार घरापासून बाहेर, मीटरमागे सेंटीमीटरभर तरी, नाहीतर पावसाचं पाणी भिंतीशी येऊन बसतं. वाळूची घनमीटरभर मावणारी पोती ट्रकवाल्याने क्रेनने रस्त्याच्या कडेला उतरवली आणि तो निघून गेला. दीड टनाच्या वर वजन. मागच्या गल्लीतून ढकलगाडीने एकेक खेप. तिसऱ्या खेपेला शेजारचे आजोबा काही न बोलता स्वतःची ढकलगाडी आणि फावडं घेऊन आले. संध्याकाळी त्यांना कांदेपोहे दिले. त्यांनी दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत केला, वर आपल्या बागेतले ट्यूलिप. काही वर्षांनी हे सगळं परत करायचं आहे, असंही त्यांनीच हसत सांगितलं.

इथे रो-हाऊस घेतलं की सोसायटीचा सेक्रेटरी, वॉचमन, माळी आणि प्लंबर सगळे आपणच. प्लंबर बोलवायचा तर तो दारात येण्याचेच पैसे आधी. म्हणून बॉयलरचा दाब एक बारच्या खाली गेला की नळीने पाणी भरून तो दीडच्या पुढे न्यायचा, रेडिएटरमधली हवा किल्लीने सोडायची, पन्हाळीतली पानं नोव्हेंबरात काढायची, हे मी शिकलो. खिडक्यांच्या लाकडी चौकटी पाच-सहा वर्षांनी रंगवाव्या लागतात. जुन्या घराच्या रंगकामावर व्हॅट ९ टक्केच आहे, पण मजुरी आठवली की ब्रश स्वतःच हातात घ्यावासा वाटतो.

स्वयंपाकघराचा हिशोब वेगळा. किचन उघडं, शेगडी इंडक्शनची, आणि वरची चिमणी हवा बाहेर न टाकता गाळून परत घरातच सोडणारी. मोहरी तडतडली की माळ्यावरच्या खोलीत कळतं. घराच्या वायुवीजनाचं यंत्र माळ्यावर आहे, त्याच्या झडपा स्वच्छ केल्या आणि गती वाढवली तेव्हा फरक पडला. भाकरी इंडक्शनवर फुगत नाही, हे मात्र मान्य करावं लागलं. शेडच्या दारात एकबर्नरची गॅस शेगडी ठेवली आहे, रविवारी तिथे. पलीकडच्या बाईंनी सुरुवातीला कुंपणावरून डोकावून चौकशी केली, आता त्या पिठल्यासकट येऊन बसतात.

कुंपणावरून आठवलं. दोन बागांमधलं कुंपण सामाईक असतं, बदलायचं तर खर्च निम्मा-निम्मा. या सपाट प्रदेशात वारा अडवायला काही नाही, त्यामुळे खांब कुजला की एका वादळात फळ्या आडव्या. आमची एक बाजू हिवाळ्यात पडली. शेजाऱ्याशी पैशाचं बोलणं अवघड जाईल असं वाटलं होतं. त्याने आधीच दोन दुकानांचे भाव काढून ठेवले होते.

आपल्या लोकांसाठी एक जमेची बाजू सांगायलाच हवी. आल्मेरेत सुरिनामी हिंदुस्तानी कुटुंबं पुष्कळ आहेत. १८७३ पासून जे मजूर बिहार-उत्तर प्रदेशातून सुरिनामला नेले गेले, त्यांची ही नातवंडं-पतवंडं. त्यांच्या दुकानांत कारली, भेंडी, चवळीच्या शेंगा ताज्या मिळतात. आमच्या गल्लीतल्या आजी माझ्या आईशी भोजपुरी वळणाचं काहीतरी बोलतात, आई मराठी वळणाच्या हिंदीत उत्तर देते, आणि दोघी तासभर बसतात. आई इथे तीन महिने राहिली आणि कंटाळली नाही, याचं श्रेय घराला नाही, त्या आजींना.

लहान मुलं असतील तर पोहण्याचं प्रमाणपत्र घराआधी बघा. गल्लीच्या टोकाला कालवा आहे आणि त्याला कठडा नाही. पोहण्याच्या वर्गाची प्रतीक्षायादी लांब असते. सायकलने जाता येईल अशा अंतरावर ओस्टफार्डर्सप्लासेन हे पाणथळ अभयारण्य आहे, घोडे, हरणं, २००६ पासून तिथे घरटी करणारे समुद्री गरुड. मुलीला गरुड दिसला, मला अजून नाही. उन्हाळ्यात माळा तापतो, एसी नाही, बाहेरून उन्हाचे पडदे लावल्याशिवाय तिथे दुपारी बसवत नाही.

छपरावर आधीच्या मालकाने सोलर पॅनल लावलेली आहेत. घर बघताना तो मोठा फायदा वाटला, आणि आत्तापर्यंत आहेही: ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते. हा नियम १ जानेवारी २०२७ पासून बंद होतोय, आणि काही कंपन्या वीज परत दिल्याबद्दलच शुल्क लावतात. बॅटरी घ्यावी का, यावर घरात मतभेद आहेत. बायको म्हणते आत्ताच घे, शेजारचे आजोबा म्हणतात भाव उतरेपर्यंत थांब. तूर्तास वॉशिंग मशीन भर दुपारी लावतो.