हॉलमधून खोली काढायची: सिपोरेक्स की जिप्सम बोर्ड?

मुंबईच्या फ्लॅटमध्ये हॉलचा कोपरा तोडून मुलांसाठी खोली काढायची म्हटलं, की गाडी दोन पर्यायांवर येऊन थांबते: चार इंची सिपोरेक्स (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक) किंवा जिप्सम बोर्डचं (पत्र्याच्या सांगाड्यावर बसवलेले, कागदाचं आवरण असलेले जिप्समचे तक्ते) पार्टिशन. आमच्याकडे दोन्ही आहेत. बेडरूमकडची भिंत सिपोरेक्सची, नंतर घातलेली हॉलमधली जिप्समची.

आधी वजन, कारण सोसायटी परवानगी देताना तेच विचारते. 10 फूट लांब, 9 फूट उंच भिंत धरा. 600 बाय 200 बाय 100 मिमीचे सत्तरेक ब्लॉक लागतात, म्हणजे अर्धा टन. दोन्ही बाजूंचं प्लास्टर मिळवलं की पाऊण टनाच्या वर जातं. तेवढीच जिप्समची भिंत दोनशे किलोच्या आसपास. इमारत जुनी असेल तर इथेच निम्मा निकाल लागतो.

माझा निकाल मात्र पाण्याने लावला. सिपोरेक्सवर प्लास्टर झालं की आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, तेही आपण राहत असलेल्या घरात. ते लादीवरून पसरतं, सांध्यांतून मुरतं, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी छताचा डाग दाखवायला येतात. इतकं करून भिंत वाळेल तेव्हा खरी. आमचं काम पावसाच्या तोंडावर आलं होतं. पेंटर यायचा, भिंतीला तळहात लावायचा, ‘अजून ओल आहे’ म्हणून परत जायचा. हॉलभर सामान झाकून ठेवलेलं आणि पुट्टीला हात लागत नव्हता. भिंतीत काही खोट नव्हती, आजही ती खणखणीत उभी आहे. पण माणसं राहत असलेल्या घरात ते ओलं काम पुन्हा नको वाटलं.

जिप्सममध्ये ओलं म्हणाल तर फक्त सांधे भरायचं कंपाउंड. बाकी मेहनत काम सुरू होण्याआधीची, हिशोबाची. 6 बाय 4 फुटी बोर्डचं क्षेत्रफळ 24 चौरस फूट. दोन्ही बाजू मिळून 180, म्हणजे साडेसात बोर्ड. मी नऊ मागवले. दाराची जागा वजा करू नये, कापाकापीत तेवढं जातंच. उभे स्टड (सांगाड्याचे पत्र्याचे खांब) दोन-दोन फुटांवर, म्हणजे सहा, शिवाय दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा. स्टड ज्यात बसतात तो खालचा-वरचा चॅनल मिळून 20 फूट. 6 फुटी बोर्डाला 9 फूट उंचीत आडवा सांधा येतोच. एका पट्ट्यात तो खाली, शेजारच्यात वर घ्यावा, आणि सांध्यामागे चॅनलचा तुकडा द्यायला लावावा, नाहीतर पुढे तिथेच रेघ उमटते. नग कमी लागतात म्हणून 8 फुटी बोर्ड घ्यावासा वाटतो. घ्या, पण आधी जिन्याचं वळण टेपने मोजा. आमच्या लिफ्टमध्ये तो मावला नसता आणि जिन्यात वळलाही नसता.

आता जिप्समची उणी बाजू. टीव्ही, एसी किंवा पुस्तकांची फळी कुठे येणार, हे बोर्ड लागायच्या आधी ठरवावं लागतं, कारण तिथे आतून स्टडांमध्ये प्लायचा तुकडा बसवावा लागतो. सांगाडा उभा झाल्यावर टेप धरून फोटो काढून ठेवले, ते अजून कामी येतात. आवाजाचं म्हणाल, तर बोटाने वाजवलं की भिंत पोकळ वाटते हे खरं. मात्र आत 50 मिमीची ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) भरल्यापासून हॉलमधल्या बातम्या मुलीच्या अभ्यासाच्या आड येत नाहीत, निदान तिची तशी तक्रार नाही. खर्चात मला फार फरक दिसला नाही. तुमच्या भागातल्या कारागिरावर ते बरंच अवलंबून असेल.

बाथरूमला लागून किंवा सिंकमागे भिंत येणार असेल तर मी सिपोरेक्सच घ्या म्हणेन. जिप्समचाच दमट जागेसाठीचा हिरवा बोर्ड दमटपणा सोसतो, सततचं पाणी नाही. कोरड्या खोल्यांमध्ये माझा कल जिप्समकडे. फक्त बोर्ड लादीला टेकवू नका, बोटभर वर ठेवून स्कर्टिंगने झाका. फरशी पुसतानाचं पाणी कडेने वर चढलं की कागद फुगतो, आणि मग खालचा सगळा पट्टा बदलावा लागतो.