पोपटाला शिकवायचं कसं: शब्दावर की जागेवर?

आमच्याकडे कॉकॅटिएल, म्हणजे तुरेवाला लहान पोपट, आला आणि आठवडाभरात सोफ्याची पाठ, पडदे, माझा खांदा, सगळीकडे डाग पडले. त्याला वळण लावायच्या दोन रीती होत्या. एक, ठरलेला शब्द ऐकला की त्याने शिटायचं. दुसरी, ठरलेल्या दांडीवर नेलं की तिथे शिटायचं. दोन्ही करून पाहिल्या. माझा कौल दांडीला आहे.

आधी एवढं लक्षात घ्या, की पक्ष्याला मूत्राशय नसतं. विष्ठा आणि मूत्र अवस्कर नावाच्या एकाच वाटेने बाहेर पडतं. हिरवा भाग विष्ठेचा, पांढरा मूत्रातल्या क्षारांचा. बजीसारखा (बजरिगार) लहान पोपट दिवसा दर १५-२० मिनिटांनी शिटतो, मोठा पोपट बराच जास्त वेळ थांबू शकतो. त्यामुळे बजी किंवा लव्हबर्ड असेल तर दोन्ही रीती सोडा; बसायच्या जागांखाली रद्दी अंथरा. कॉकॅटिएलपासून पुढच्या पोपटांसाठी, म्हणजे कोन्युअर, आफ्रिकन ग्रे, मकॉ अशा जातींसाठी मात्र मेहनत घेण्यासारखी आहे.

शब्दाची रीत लवकर दिसते आणि पाहुण्यांना आवडते. पक्षी किंचित मागे सरकतो, बूड खाली घेतो, शेपटी उचलतो. नेमकं तेव्हा ‘शी कर’ म्हणायचं आणि झाल्यावर सूर्यफुलाची बी द्यायची. पण हुशार पोपट हळूहळू तो शब्द ऐकल्याशिवाय शिटतच नाही. तुम्ही गावाला गेलात, सांभाळणाऱ्याला शब्द माहीत नाही, आणि पक्षी रोखून धरून बसला, तर? पक्षिवैद्य याच सवयीबद्दल सावध करतात, कारण सतत रोखण्याने आणि जोर करण्याने अवस्कर बाहेर येण्याचा धोका असतो. या एका कारणासाठी मी शब्द सोडला.

दांडीची रीत संथ आहे. रात्रभर साठलेलं पोपट सकाळी एकदम टाकतो, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. पिंजऱ्यातून काढलं की थेट दांडीवर, खाली कागद. झालं की कौतुक, एखादी बी, मग खेळ. पुढे त्याच्या अंतराने, आमच्याकडे साधारण २० मिनिटांनी, पुन्हा दांडीवर न्यायचं. आम्हाला दीड-दोन महिने लागले आणि अजूनही चुका होतात. पण पिंजऱ्यात किंवा दुसऱ्याच्या घरी तो मोकळेपणाने शिटतो, कारण त्याला कुणाच्या परवानगीची सवय लागलेली नाही. घरातल्या सगळ्यांना ही रीत जमते, आजीलाही.

ओरडणं दोन्हीकडे वाईटच. चूक झाल्यावर रागावलं तर त्याचा शिटण्याशी संबंध पक्ष्याला लागत नाही; तो फक्त तुमच्या हाताला घाबरायला लागतो.

पक्ष्यांसाठी डायपरही मिळतात. मला ते पटत नाहीत. पिसं दबतात, शिवाय विष्ठेचा बदललेला रंग किंवा पातळपणा वेळेवर नजरेस पडत नाही, आणि पोपटाच्या आजाराची पहिली खूण बहुतेकदा तिथेच दिसते.

हे सगळं परदेशी जातींबद्दल आहे. आपला गळ्यात कंठ असलेला रानपोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

दिवसभर घर रिकामं असेल तर दांडीचं शिक्षण सुट्टीच्या दिवसांत सुरू करा; पहिले दहा दिवस कुणीतरी सतत जवळ लागतं.